परकारभाईंचे चौदा आणे

परकारभाई खेळाडूची बॅटिंग बघत नसत. समोर कोणी कितीही देखणा कव्हर ड्राइव्ह मारो, हे मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून करक, म्हणजे आखाती कडक दुधाळ चहाच्या कागदी कपात फुंकर घालत राहायचे. तो आउट झाला, की मात्र कप खाली ठेवून उभे राहायचे आणि कपाळावर हात आडवा धरून परत येणाऱ्या माणसाकडे टक लावायचे. बॅट काखेत आहे की फरफटत येतेय? मागे वळून अंपायरकडे बघतो का? आल्या आल्या पॅड सोडतो, की तसाच तोंड पाडून बसतो? आमच्याकडे पॅडचे जोड मोजके. एकानं सोडले तरच पुढच्याच्या पायाला लागणार. त्यामुळे दुःख करत बसण्याची चैन परवडण्यासारखी नव्हती.

"मारायला काय, वांदरपण नारळ फेकून मारतो," ते म्हणायचे. "आउट झाल्यावर मानूस कळतो."

हा नियम त्यांना स्वतःला लागू नव्हता. कधीमधी टेनिस बॉलच्या मॅचमध्ये माणूस कमी पडला तर ते स्वतः उतरायचे. मधला स्टंप मुळापासून उखडलेला असताना, चेंडू कमरेच्या वर होता म्हणून नो-बॉल मागणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

दोहातल्या आमच्या मराठी लोकांच्या क्लबचे दोन संघ होते. ब संघ टेनिस बॉलवर, सापडेल त्या मोकळ्या जागेत खेळायचा. अ संघ लेदरच्या चेंडूवर, शुक्रवारच्या लीगमध्ये, पांढऱ्या कपड्यांत. ब मधून अ मध्ये कोणाला कधी चढवायचं, हे ठरवायला निवड समिती होती. समितीत तिघं: अ संघाचा कप्तान देसाई, मी आणि परकारभाई. लोकशाही पद्धतीनं चर्चा व्हायची, मतं मांडली जायची आणि मग परकारभाई म्हणतील तसं व्हायचं.

ते मूळचे दापोलीकडचे. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर एका कंत्राटदाराकडे परांच्या तपासायचं काम करायचे. लोखंडी पाइपांची परांची उभी राहिली की हे खालून वरपर्यंत बघणार, हलवून बघणार आणि मग हिरवा टॅग लावणार. लाल टॅग असेल तर कितीही मोठा साहेब येऊ दे, कोणी वर पाय ठेवायचा नाही. 'चढ' आणि 'चढू नको' एवढं बोलून आयुष्यभर पगार घेतलेला माणूस सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करणार? राहायला दोहाच्या नजमा भागात, एका खोलीत चार पलंग. तीन मुलांचे बाप, नातवंडांचे आजोबा, आणि तरी इथल्या हिशेबानं बॅचलर. कतारमध्ये बायको गावी असली की माणूस पुन्हा बॅचलर होतो.

खेळाडू पिकतो कधी, याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो सरळ त्यांच्या गावच्या कलमांवरून आलेला होता. "आंबा चौदा आण्यांवर उतरवायचा," ते सांगायचे. "बारा आण्यांवर काढलास तर आढीत सुरकुततो, आंबट तो आंबटच. सोळा आणे होऊ दिलास तर झाडावरनं खाली, आनि मंग फुटलेला आंबा कोन घेतो? चौदा. त्याच्यात गोडी आढीत येते." मग कपातला चहा संपवून पुढचं वाक्य, जे आम्हां सगळ्यांना पाठ होतं: "आनि चौदा झाले की नाय, ता बोट लावून कळत नाय. नजर लागते."

ती नजर अर्थातच एकाच माणसाकडे होती.

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मी नुकताच कतारला आलो होतो. मी मराठवाड्यातला. वडील मोंढ्यात पोती उचलायचे. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि हे मी न विचारता सांगतो. का सांगू नये? ज्यांचे आजे-पणजे शिकलेले त्यांना ते सांगावं लागत नाही, एवढाच फरक. तर मी परकारभाईंनाही सांगितलं की मी इंजिनियर आहे, घरातला पहिलाच, आणि कॉलेजच्या टीममधून सलामीला खेळलोय.

"असा?" ते म्हणाले. "मंग बॅटिंग कोनाकडनं शिकलास? प्रिन्सिपलकडनं?"

त्या दिवसापासून माझं नाव इंजिनियर पडलं. त्यांनी मला खेळवलं, मी बऱ्यापैकी धावा काढल्या, आउट झालो, परत आलो. बॅट काखेत होती, पॅड लगेच सोडले. मला वाटलं, पास.

"अकरा आणे," परकारभाई देसाईला म्हणाले, माझ्यासमोरच, जणू मी पेटीतच पडलेलो आहे.

मी दोन सीझन ब संघात काढले. ब संघाचं एक काम असं, की शुक्रवारी पहाटे अ संघाच्या आधी मैदानावर जायचं आणि सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरून कडेनं खिळे ठोकायचे. मॅच जुम्म्याच्या नमाजाआधी संपलीच पाहिजे, हा परकारभाईंचा दंडक, त्यामुळे सगळी घाई. मी पदवीधर माणूस, हातात हातोडा, समोर मॅट. ज्या लोकांसाठी ठोकत होतो त्यांतल्या निम्म्यांपेक्षा मी बरा खेळत होतो, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो.

मग मी अल अझीझियात फ्लॅट घेतला, बायको-मुलाला आणलं आणि सात माणसं बसतील अशी जुनी गाडी घेतली. पुढच्याच आठवड्यात माझे चौदा आणे भरले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आखातातल्या क्लबात संघ निवडताना बॅट, बॉल आणि गाडी, तिन्ही बघावं लागतं. मैदान शहराबाहेर, बस जात नाही, टॅक्सी परवडत नाही. अकरा माणसं आणि त्यांचं सामान पोचवायचं तर तीन गाड्या लागतात. आमचा यष्टिरक्षक कमरेत वाकत नसे. चेंडू त्याच्या पायांतून जायचा आणि तो वळून चेंडूकडे असा बघायचा, जसं कोणी ओळख न देता निघून गेलंय. पण त्याची गाडी मोठी होती, आणि तो अनेक वर्षं आमचा यष्टिरक्षक होता.

मी परकारभाईंना स्पष्ट विचारलं, "भाई, गाडी घेतली म्हणून घेतलंत ना मला?"

"गाडीचा काय संबंध?" ते खरोखरच दुखावले. "तुजा बॅकफूट सुधारला." मग थोड्या वेळानं, "मागची सीट पुढं सरकते का रं? किटबॅग मावंल ना?"

वर्षभरात त्यांनी मला समितीतही घेतलं. त्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण समितीच्या बैठका नजमातल्या एका कॅफेटेरियात व्हायच्या आणि नंतर परकारभाईंना घेऊन मैदानाची मॅट बघायला जावं लागायचं, हे मी इथे नमूद करतो.

समितीत आल्यावर मी माझ्या परीनं सुधारणा केल्या. कॉम्प्युटरवर प्रत्येक खेळाडूची सरासरी, बोलरच्या षटकामागे किती धावा जातात ते, सगळं काढून नेलं. परकारभाईंनी फोनच्या पडद्यावर बोट फिरवत ते शेवटपर्यंत पाहिलं. "मस्त," ते म्हणाले. "ह्याच्यात साका कुठं दिसतो?" बाहेरून पिवळाधमक असलेल्या हापूसच्या आत पांढरा, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो, त्याला साका म्हणतात. माझ्या तक्त्यात त्याचा रकाना नव्हता. मी म्हणालो, "भाई, तो तुमच्या नजरेतही दिसत नाही. आंबा कापल्यावरच दिसतो." ते हसले आणि पुढचं नाव घ्यायला लावलं.

खेळाडूंना असं ब संघातच थांबवून ठेवण्याचं त्यांचं एक कारण होतं, ते मला देसाईकडून कळलं. माझ्या आधी कधीतरी गुहागरकडचा नाचणकर म्हणून एक वेल्डर ब संघात होता. टेनिस बॉल रस्त्यापलीकडे भिरकावायचा. सगळ्यांनी आग्रह केला, परकारभाईंनाही मोह झाला आणि महिन्याभरात त्याला अ मध्ये चढवलं. पहिल्याच मॅचला लेदरचा उसळता चेंडू हातावर बसून त्याचं बोट मोडलं. मोडलेल्या बोटानं वेल्डिंग होत नाही. कंपनीनं आधी बिनपगारी घरी बसवलं, मग गावी पाठवलं, मग परत बोलावलंच नाही. गंमत अशी, की नाचणकरनं गुहागरला स्वतःचं ग्रिल-दरवाज्यांचं वर्कशॉप काढलं आणि ते जोरात चाललं. परकारभाई दर ईदला त्याला फोन करायचे. तो तिकडून हसून सांगायचा, "भाई, तुमी पाडलात म्हनून उबा ऱ्हायलो." तो सुखात होता. त्या बोटाचं दुखणं फक्त परकारभाईंना होतं.

आता संदेशबद्दल. संदेश खेडचा, एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक, आणि डावखुरा वेगवान बोलर. नजमाच्या त्याच खोलीत, त्याच लोखंडी पलंगावर. खाली परकारभाई, वर संदेश. परकारभाईंना तो चाचा म्हणायचा आणि त्यांच्या हातचं माशाचं कालवण असं जेवायचा, की परकारभाई म्हणायचे, "ह्याची भूक अ संघातली हाय."

"आनि बोलिंग, चाचा?"

"साडेबारा आणे."

"परवा तर तेरा बोललात!"

"परवा तू मोबाइल बगत जागा नव्हतास."

हे संवाद रोजचे. मी खोलीवर गेलो की हटकून ऐकायला मिळायचे. संदेश वरून पाय लोंबकळत ठेवून विचारायचा, "चाचा, आज भाव काय?" आणि परकारभाई खालून त्याचे पाय ढकलत म्हणायचे, "उतरलाय. हे पाय आदी वर घे." पण मी बोलरला सामोरा गेलेला माणूस आहे, मी सांगतो, तो तयार होता. नेटमध्ये परकारभाईंनी त्याला लेदरचा चेंडू दिला, तेव्हा त्यानं आमच्या दोन सलामीवीरांना असं नाचवलं, की देसाईनं 'आता बास' म्हणून चेंडू काढून घेतला. देसाईही एक सलामीवीर होता.

मी बैठकीत भांडलो. "भाई, आणखी काय हवंय?"

"दम. अजून दम सुटतो त्याचा. चौथ्या षटकाला खांदा पडतो."

"आपल्या बाकीच्यांचा पहिल्याला पडतो!"

"ते पिकलेले हायेत, इंजिनियर. पिकलेल्याला कोन बोलनार?"

अख्खा सीझन असाच गेला. कधी खांदा, कधी रनअप, कधी "वारा कुठला हाय ता बग, आज नको". मार्च आला आणि दोन बातम्या एकत्र आल्या. संदेशच्या कंपनीचं काम संपलं होतं. त्याला आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना परत पाठवत होते. आणि परकारभाईंचीही नोकरी वयानुसार संपत होती. एकाच खोलीतल्या एकाच पलंगावरची दोन माणसं एकाच आठवड्यात कायमची घरी जाणार होती. मंगळवारी संदेश, गुरुवारी परकारभाई. त्याआधी लीगची एकच मॅच उरली होती.

आणि नशीब असं, की त्या मॅचला जागा रिकामी झाली. आमचा एक बोलर रजेवर भारतात गेला. बोलरच्या जागी बोलर, त्यात डोकं लावण्यासारखं काही नव्हतं. मी बैठकीच्या आधीच संदेशला सांगून टाकलं, "बूट पांढरे कर. शुक्रवारी खेळतोयस." तो खिडकीत बसवलेल्या एसीच्या जाळीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "घरी सांगू?" लीगची मॅच मोबाइलच्या अ‍ॅपवर दिसते, चित्र नाही, पण धावा, विकेटी, कोणी टाकला, कोणी घेतला, सगळं चेंडूगणिक. त्याच्या वडिलांनी कधी त्याला लेदरवर खेळताना पाहिलं नव्हतं. निदान नाव तरी पाहतील. मी म्हणालो, "सांग."

गुरुवारी संध्याकाळी कॅफेटेरियात आम्ही तिघं बसलो. मी संदेशचं नाव घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात देसाई म्हणाला, "भाई, एक कल्पना आहे. तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना अ मध्ये पाठवलंत, स्वतः कधी खेळला नाहीत. उद्या तुम्ही खेळायचं. शेवटची मॅच, आमच्याकडून निरोप." देसाई पुण्याचा, भावनाप्रधान माणूस. त्यानं हे बोलताना परकारभाईंच्या हातावर हातही ठेवला.

मला वाटलं, आता भाई म्हणतील, नको रं, माझं काय वय हाय, पोराला घ्या. त्यांच्या जागी कोणीही हेच म्हणालं असतं, निदान एकदा तरी. परकारभाईंनी चहाचा घोट गिळला आणि म्हणाले, "पँट पांढरीच लागते ना?"

मी म्हणालो, "भाई, संदेश."

ते चमच्यानं चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. एका सेकंदात स्वतःला निवडणाऱ्या माणसाला संदेशचं ठरवायला फार वेळ लागला.

"संदेश बारावा ऱ्हाईल," शेवटी ते म्हणाले.

"तो तेरा आणे आणि तुम्ही?"

"मी?" ते हसले, पण नजर टेबलावर होती. "मी सोळा झालो, इंजिनियर. पडायच्या आदी काढलेला बरा."

मी सरळ बोलणारा माणूस आहे, पण साठीला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तसला आनंद त्याआधी पाहिला नव्हता, आणि तो पुसायचं काम माझ्याकडून झालं नाही. त्यांनी लगेच समोरच्या दुकानातून पांढरी पँट घेतली. कमरेला बरोबर बसणारी लांबीला कमी निघाली. खोलीवर गेल्यावर संदेशनं तिच्या खालच्या शिवणी उसवून दिल्या.

"अर्धा इंच सुटला, चाचा," तो म्हणाला. "बाकीचं मोजे वर ओढून भागवा." मग पँट झटकून त्यांच्या हातात दिली आणि पाणी प्यायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

शुक्रवारी पहाटे संदेशनं मॅट अंथरली आणि खिळे ठोकले. ऊन चढायच्या आधीच देसाई टॉस हरला आणि आम्ही फिल्डिंगला उतरलो. परकारभाई मिडऑनला. टोपी सरळ, हात गुडघ्यांवर, अगदी टीव्हीतल्यासारखे वाकलेले. पहिल्या षटकात ते ओरडून आमच्या बोलरला सांगत होते, "खांदा! खांदा पडतोय तुजा!" तिसऱ्या षटकात एक चेंडू त्यांच्या शेजारून गेला. ते वळले, चार पावलं धावले, पाचव्याला त्यांच्या पोटरीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि ते वाळूत बसले. आमच्या मैदानाच्या कडेची वाळू बारीक. ते बसले तिथून लहानसा ढग उठला. समोरच्या संघानं तीन धावा काढल्या आणि मगच विचारपूस केली.

आम्ही त्यांना उचलून बाहेर आणलं. अंपायरनं बदली खेळाडूला परवानगी दिली आणि संदेश मैदानात गेला. बदली माणसाला फक्त फिल्डिंग करता येते. त्याला चेंडू टाकता येत नाही, बॅट धरता येत नाही, आणि त्यानं कॅच घेतला तर अ‍ॅपवर त्याचं नाव लागत नाही. नुसतं 'बदली' असं येतं. हा काही आमच्या क्लबाचा दुष्टपणा नव्हे, खेळच तसा आहे.

आणि अर्थातच कॅच त्याच्याकडेच आला. समोरच्यांचा सगळ्यात मोठा मारणारा. चेंडू उंच गेला, संदेश चेंडूकडे पाठ करून धावला, डोक्यावरून खाली येणारा चेंडू त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि पडला तो वाळूत आडवाच. चेंडू वर धरलेला हात तेवढा दिसत होता. सगळे त्याच्याकडे पळाले. परकारभाई घडीच्या खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर, पोटरीवर बर्फाची पिशवी. ते उठून उभे राहायला गेले आणि शिवी हासडून खाली बसले.

खेडमध्ये, फोनसमोर बसलेल्या माणसांना काय दिसलं असेल, ते मी नंतर अ‍ॅपवर बघितलं. झेल: बदली.

जिंकलो असतो तर सांगायला बरं झालं असतं, पण आम्ही हरलो. परकारभाई लंगडत बॅटिंगला निघाले होते, तोवर आमची षटकंच संपली. नमाजाची वेळ होत आली होती. मी त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं, किटबॅग मागे टाकली, संदेश पुढे माझ्या शेजारी बसला. मॅट गुंडाळून त्याचे हात लालसर झाले होते. एसी लावला. मला वाटत होतं, आता परकारभाईंनी काहीतरी म्हणावं. चुकलो म्हणावं, निदान पोराच्या पाठीवर थाप मारावी.

बरंच अंतर गेल्यावर मागून आवाज आला. "इंजिनियर, गाडी बाजूला घे. फोन काढ. लिही."

"काय लिहू?"

"पुढच्या सीझनची अ टीम."

मी गाडी बाजूला घेतली. आरशात बघितलं. त्यांचा चेहरा बैठकीतल्यासारखा होता, पूर्ण गंभीर, डोळे बारीक.

"पयलं नाव, संदेश. नवा चेंडू त्याच्याकडं. दुसरं नाव देसाई, आता कप्तान हाय, काय करनार. तिसरा तू."

संदेश मागे वळला. "चाचा, मंगळवारी विमान हाय माजं."

"ता ठावं हाय मला."

"परत यायचं नाय हाय. व्हिसा खलास."

"माजं गुरुवारी हाय," परकारभाई म्हणाले. "म्हनून काय टीम काडायची नाय?"

मी लिहिलं. अकरा नावं झाली. यष्टिरक्षकाचं नाव आलं तेव्हा परकारभाई थांबले, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "गाडी आजून हाय का त्याची?" मी हो म्हणालो. "मंग घाल." यादी क्लबाच्या ग्रुपवर टाकायला सांगितली, टाकली. लगेच देसाईचा मेसेज आला: हे काय आहे? "त्याला सांग," परकारभाई म्हणाले, "समिती बसली होती."

संदेश आपल्या फोनवर ती यादी बघत होता. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्यानं ती मोठी केली, मग काहीतरी दाबलं. कोणाला पाठवली ते मी विचारलं नाही. फोन मांडीवर उलटा ठेवून तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चाचा, नवा चेंडू माज्याकडं तर स्लिपला दोन पायजेत."

"एक. दुसरा पॉइंटला."

"डावखुऱ्याला एक स्लिप कोन देतो, चाचा?"

"आदी स्लिपमंदी जाईल असा टाक, मंग माग."

मी गाडी सुरू केली. नजमा येईपर्यंत दोघं फिल्डिंग लावत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा स्क्वेअर लेगवरून त्यांचं इतकं जुंपलं, की शेजारच्या गाडीवाल्यानं काच खाली करून आमच्याकडे बघितलं. परकारभाईंनी त्याला हातानं खूण केली, पुढे जा, इथे मॅच चालू आहे.